‘बाबांच्या नावावर निवड झाली’ म्हणणाऱ्यांना काय सांगू?

वाचकाचे पत्र

मी बेळगावात टिळकवाडीत राहतो आणि पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, सायन्सला आहे. माझे बाबा बास्केटबॉलमध्ये भारतीय संघातून खेळले आहेत. ते रेल्वेत नोकरीला आहेत, आठवडाभर हुबळीला असतात आणि शनिवारी घरी येतात. शहरात त्यांना ओळखत नाही असा माणूस मिळणे कठीण. मला मात्र माझ्या नावाने कोणी हाक मारत नाही. कॉलेजात, क्लबवर, अगदी दूध आणायला गेलो तरी मी ‘त्यांचा मुलगा’ असतो. बाबांची उंची सहा फूट चार इंच, आईची पाच फूट एक इंच आणि माझी पाच फूट आठ इंच. ‘बाबांएवढा कधी होणार?’ हा प्रश्न मी सातवीपासून ऐकतो आहे.

यंदा जिल्हा संघात माझी निवड झाली, तेव्हा संघातलाच एक मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, ‘आम्ही ट्रायल दिली. याची ट्रायल याच्या बाबांनी कधीच देऊन ठेवली आहे.’ सगळे हसले, मीही हसलो. त्या रात्री झोप आली नाही. बाबा माझ्या मॅचला येत नाहीत. आलेच तर फाटकाबाहेर गाडीपाशी उभे राहतात आणि घरी आल्यावर त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. त्यांना माझा खेळ बघवत नसावा. धाकटी बहीण आठवीत आहे. तीही खेळते, माझ्यापेक्षा बरी खेळते. पण तिला कोणी काही विचारत नाही, त्यामुळे ती मजेत असते. पावसाळ्यात कोर्ट निसरडे होऊन बंद असते, तेव्हा मी घरामागच्या भिंतीवर बॉल मारत बसतो. तेवढाच वेळ बरे वाटते. मी खेळ सोडावा का? सोडला तर बाबांना कसे सांगू?

— एक वाचक, बेळगाव

उत्तर

प्रिय मित्रा,

तू विचारलेले प्रश्न दोन आहेत, खेळ सोडावा का आणि सोडला तर वडिलांना कसे सांगावे. परंतु तुझे पत्र नीट वाचले तर ध्यानात येते, की त्यात खेळाविषयी तक्रारीचा एकही शब्द नाही. तक्रार आहे ती लोकांच्या बोलण्याविषयी, वडिलांच्या न बोलण्याविषयी आणि त्या एका वाक्याविषयी, जे ऐकून तू सगळ्यांबरोबर हसलास आणि जे नंतर रात्रभर तुझ्या डोक्यात घोळत राहिले. म्हणून सोडण्या-न सोडण्याचा निर्णय थोडा पुढे ठेवू आणि आधी त्या वाक्याचेच पाहू.

ते वाक्य साफ खोटे आहे असे सांगून मी तुझी समजूत घालणार नाही, कारण तुला ते पटणार नाही. ज्या घरात भारतीय संघातून खेळलेला माणूस राहतो, त्या घरातल्या मुलाच्या हातात चालायला लागल्यापासून बॉल असतो. लेअपला, म्हणजे धावत जाऊन बास्केटजवळून मारायच्या शॉटला, कोणते पाऊल आधी पडावे हे त्याला मुद्दाम शिकवावे लागत नाही. बुटाचा तळ झिजला की दुसरी जोडी येते. आणि क्लबवरचे प्रशिक्षक त्याची चूक थांबून दुरुस्त करतात. येळ्ळूरहून किंवा कंग्राळीहून सायकल मारत सरावाला येणाऱ्या मुलाला हे सगळे दिसत असते. त्याच्या बोलण्यात हेवा असेल, पण त्याला दिसले ते खरेच आहे. हा फायदा तुला मिळाला, तो तू मागून घेतला नव्हतास. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही आणि तो नाकारण्याचेही कारण नाही. ‘हो, मला लहानपणापासून शिकायला मिळाले’ एवढे तू शांतपणे कबूल करू शकलास, तर त्या टोमण्यातला निम्मा जोर तिथेच संपतो. उरतो तो दुसरा निम्मा आरोप, की शिकायला मिळाले ते मिळाले, पण जागाही आयतीच मिळाली. आणि हा आरोप तपासून पाहता येतो.

आज जगात हा आरोप ज्यांच्या वाट्याला सर्वाधिक आला आहे, त्यांत अमेरिकेचा बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स याचा मुलगा नक्कीच आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे संघ ड्राफ्टमध्ये पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. ब्रॉनी जेम्सला २०२४च्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजेलिस लेकर्सने निवडले ते ५८ पैकी ५५व्या क्रमांकावर, आणि वडील त्याच संघातून खेळत होते. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात दोघे एकाच वेळी कोर्टवर उतरले. एनबीएच्या इतिहासात बाप-लेक एकत्र खेळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच्या सव्वा वर्ष आधी, जुलै २०२३ मध्ये, कॉलेजच्या सरावादरम्यान ब्रॉनीचे हृदय अचानक बंद पडले होते आणि तिथून तो पुन्हा खेळापर्यंत पोहोचला होता. नावाच्या चर्चेत ही गोष्ट फार मागे पडली, याचे मला वाईट वाटते. नावाचा उपयोग झाला का? झाला असणारच. मुलगा स्वतः खेळाडू होता का? होता. ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात, आणि तुझ्या बाबतीतही ती तशीच असावीत असे मला वाटते. लेब्रॉनने मुलाला स्वतःचेच नाव ठेवले होते (ब्रॉनी हे त्याचे लाडके नाव) आणि २०१८ मध्ये, मुलगा अजून शाळेत असताना, आपले नाव त्याला दिल्याची खंत वाटते असे त्याने उघडपणे सांगितले. ज्या ओझ्याबद्दल तू लिहितोस, ते वडिलांनाही दिसत असते, कधी कधी मुलाच्याही आधी. ही गोष्ट पुढे आपल्याला लागणार आहे.

आता तपासण्याविषयी. तुमच्या कॉलेजच्या फिजिकल डायरेक्टर सरांना एकटा जाऊन भेट आणि तक्रारीच्या नव्हे, खेळाडूच्या सुरात विचार, की ट्रायलमध्ये माझे काय चांगले दिसले, काय कमी दिसले आणि माझ्या जागेसाठी आणखी कोणाचा विचार झाला होता. निवड समितीत बसलेल्यांपैकी कोणी बाबांचा जुना सहकारी असेल तर तेही विचारून घे; उत्तर मिळेल किंवा मिळणार नाही, पण तू प्रश्न विचारलास ही गोष्ट त्यांच्या लक्षात राहील. दुसरे असे, की पुढच्या सामन्यांमध्ये एखाद्या विश्वासातल्या मित्राला कागद घेऊन बसव. तू किती मिनिटे खेळलास, किती शॉट मारले आणि किती आत गेले, किती पास देऊन दुसऱ्याला बास्केट करून दिली, बॉल किती वेळा हातातून घालवलास आणि तू ज्याला मार्क केलेस त्याने किती गुण केले, एवढेच त्याने लिहावे. गुण मोजणारे खूप असतात, पण सगळा खेळ गुणांत दिसत नाही. दोन-तीन सामन्यांचे असे कागद समोर ठेवले, की आपली जागा आपण कमावली आहे का, हे त्या मुलाला विचारण्याची गरज उरणार नाही. कागद तुझ्याविरुद्ध बोलले तर तेही कळेल, आणि मग काय सुधारायचे तेही कळेल. ते कागद कोणाला दाखवायला जाऊ नकोस, त्या मुलाला तर मुळीच नाही.

उंचीबद्दल तू एवढ्या थोडक्यात लिहिले आहेस, की त्यावरूनच तो सल किती जुना आहे हे समजते. मुलाच्या उंचीचा अंदाज घेताना डॉक्टर एक साधा हिशेब करतात: आई आणि वडील यांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर तीत १३ सेंटीमीटर मिळवायचे आणि दोनाने भागायचे. तुझ्या बाबांचे १९३ आणि आईचे १५५ सेंटीमीटर धरले तर उत्तर येते १८०.५, म्हणजे जेमतेम पाच फूट अकरा इंच, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे नऊ-दहा सेंटीमीटरचा फरक अगदी स्वाभाविक समजला जातो. तुझी १७३ सेंटीमीटर उंची त्या पट्ट्यात व्यवस्थित बसते. सतराव्या वर्षी मुलाची वाढ बहुतेक पूर्ण होत आलेली असते. एखादा इंच वाढलास तर वाढशील. बाबांएवढा तू बहुधा होणार नाहीस, आणि यात तुझ्या शरीराने कोणाचीही निराशा केलेली नाही. खूप उंच माणसांची मुले सरासरीने त्यांच्यापेक्षा थोडी कमीच उंच निघतात. लोक तुला बाबांच्या शेजारी उभे करून मोजतात तेव्हा आई या हिशेबात नाहीच असे धरून चालतात. तू मात्र तसे धरू नकोस.

उंचीचा विषय खेळाला जिथे भिडतो, तिथे मात्र एक गंभीर धोका आहे. तू कोणत्या जागेवर खेळतोस हे लिहिले नाहीस. सहा फूट चार इंचांचे बाबा जर बास्केटखाली, पोस्टला खेळून नाव कमावून गेले असतील आणि त्यांचा मुलगा म्हणून तुलाही तिथेच उभे केले जात असेल, तर तुझे वर्षानुवर्षे नुकसान होत आहे. पाच फूट आठ इंचांच्या मुलाने बॉल हाताळायला, लांबून शॉट मारायला आणि सगळे कोर्ट नजरेत ठेवायला शिकले पाहिजे. एनबीएतल्या स्टेफन करीचे उदाहरण तुला ठाऊकच असेल, पण त्याचा सुरुवातीचा भाग बहुतेक जण विसरतात. त्याचे वडील डेल करी एनबीएत १६ हंगाम खेळले. तरीही वडील ज्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातून पुढे आले, तिथून त्याला शिष्यवृत्तीसह जागा मिळाली नाही. तो अंगाने किरकोळ होता आणि शेवटी डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजात गेला. त्याआधी, शाळेत असताना, त्याचा शॉट कमरेजवळून सुटायचा, कारण हातांत तेवढी ताकद नव्हती. वडिलांनी एका उन्हाळ्यात तो शॉट मोडून डोक्याच्या वरून सुटेल असा नव्याने बसवून घेतला आणि तो उन्हाळा मुलाला रडवणारा गेला. वडिलांचे नाव त्याला व्हर्जिनिया टेकमध्ये उपयोगी पडले नाही. बास्केटखाली उभे राहून शिकवलेले उपयोगी पडले. २००९च्या ड्राफ्टमध्ये तो सातव्या क्रमांकावर निवडला गेला.

तू शहराबद्दल लिहिले आहेस, त्यात मी थोडी भर घालते, कारण मीही याच भागात राहते. आपल्या सीमाभागात एखाद्याने नाव कमावले की तो कोणाचा, यावरही लोक हक्क सांगू लागतात. एका व्यासपीठावर तुझ्या बाबांना फेटा बांधून ‘आपला मराठी माणूस’ म्हटले जात असेल, दुसऱ्या व्यासपीठावर म्हैसुरी पेटा घालून कर्नाटकाचा अभिमान म्हटले जात असेल, आणि दोन्ही ठिकाणी पहिल्या रांगेत बसलेल्या मुलाकडे बोट करून ‘आता हा वारसा पुढे नेणार’ असे कोणीतरी माइकवर सांगून टाकत असेल. त्या वाक्याला टाळ्या पडतात आणि मुलगा मान खाली घालतो. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला वडिलांचे कौतुक करायचे असते आणि मुलगा समोर दिसतो एवढेच. पण सतरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याबद्दल भरसभेत परस्पर घोषणा करण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि अशा सत्कारांना जायचे नाही असे तू ठरवलेस तर ते उद्धटपणाचे होणार नाही. आईला आधी सांग, म्हणजे ती सांभाळून घेईल.

बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनने सप्टेंबर २००९ मध्ये, हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, समावेश झाला त्या सोहळ्यात, समोर बसलेल्या आपल्या मुलांना उद्देशून म्हटले होते, की तुमच्यावर मोठे ओझे आहे आणि तुमच्या जागी असणे मला नको झाले असते. त्याचा थोरला मुलगा जेफ्री २००७ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या संघात शिष्यवृत्तीशिवाय दाखल झाला होता. धाकटा मार्कस सेंट्रल फ्लोरिडाकडून खेळला आणि पुढे जेफ्रीही तिथेच गेला. दोघांपैकी कोणीही एनबीएत पोहोचले नाही. वडिलांना मुलांचे दुःख कळले होते, हे त्या शब्दांवरून स्पष्ट दिसते आणि ते शब्द मला मनापासून आवडतात. तरीही ते साऱ्या जगासमोर, माइकवर बोलले गेले, याची मला आजही रुखरुख वाटते. हे बोलणे घरात, दोघेच असताना व्हायला हवे. तुझ्या घरात ते अजून झालेले नाही.

क्रिकेटमधली दोन उदाहरणे तुझ्या अधिक ओळखीची असतील. सुनील गावसकर यांचा मुलगा रोहन मुंबई सोडून बंगालकडून खेळला आणि भारतासाठी ११ एकदिवसीय सामने खेळला. सचिन तेंडुलकरचा मुलगा अर्जुन २०२२ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडे, म्हणजे आपल्या चोर्ला घाटाच्या पलीकडे, आला आणि डिसेंबरमध्ये रणजी पदार्पणातच त्याने शतक ठोकले. लगेच आठवण निघाली ती १९८८ मध्ये सचिननेही पदार्पणात शतक केल्याची. म्हणजे गाव बदलल्याने नाव पाठ सोडत नाही. तरी गाव बदलण्याचा एक फायदा आहेच: नव्या संघात पहिल्या दिवशी तू ‘त्यांचा मुलगा’ असलास, तरी महिनाभरात तू ‘वेळेवर येणारा’ किंवा ‘बचावात आळशी’ असा कोणीतरी होतोस, कारण तिथल्यांनी बाबांना खेळताना पाहिलेले नसते. पीयूसीनंतर धारवाड, हुबळी किंवा बेंगळुरूला शिकायला जाण्याची संधी आली तर हा विचार मनात असू दे. हुबळी मात्र बाबांच्या नोकरीचे गाव आहे, हेही लक्षात घे.

आता फाटकाकडे येऊ, कारण माझ्या मते तुझ्या पत्राचा गाभा तिथे आहे. बाबा फाटकाबाहेर उभे राहतात आणि त्यावरून तू निष्कर्ष काढलास, की त्यांना तुझा खेळ बघवत नसावा. हा निष्कर्ष तू एकट्याने, त्यांना न विचारता काढला आहेस. मी दुसरी एक शक्यता तुझ्यापुढे ठेवते. ते आत आले तर काय होते, ते आठव. पंच खेळ थांबवून नमस्कार करतात, कोणीतरी धावत जाऊन खुर्ची आणतो, जुने खेळाडू भोवती जमतात, आणि त्यानंतर तू मारलेल्या प्रत्येक शॉटनंतर दहा माना बाबांच्या चेहऱ्याकडे वळतात. जो माणूस आयुष्यभर अशा नजरा झेलत आला आहे, त्याला ते तुझ्या वाट्याला येऊ नये असे वाटले तर तो कुठे उभा राहील? ज्याला मुलाचा खेळ बघवत नाही, तो हुबळीहून थकून आल्यावर शनिवारी घरीच आडवा होतो. गाडी काढून फाटकापर्यंत येत नाही. तरीही मी म्हणते तेच खरे, असे समजू नकोस. खरे काय ते एका माणसालाच माहीत आहे आणि तो दर शनिवारी तुमच्या घरी जेवायला असतो.

विचारायचे कसे, हे तुला अवघड वाटते आहे हे मी समजू शकते. बैठकीच्या खोलीत, पदकांच्या कपाटासमोर बसून हे बोलू नकोस; तिथे ते खेळाडू होऊन बसतील आणि तू प्रेक्षक. रविवारी सकाळी त्यांना कोर्टवर घेऊन चल, फक्त ‘मी शॉट मारतो, तुम्ही बॉल परत द्या’ एवढेच सांगून. बॉल हातात असला आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघावे लागत नसले, की घरात वर्षभर न निघालेला विषयही निघतो. शिक्षकी पेशात मी हे पुष्कळदा पाहिले आहे. थोडा घाम आल्यावर एकच प्रश्न विचार: ‘बाबा, तुम्ही बाहेर का थांबता?’ पुढे काही जोडू नकोस, आरोप तर नाहीच, आणि उत्तर यायला वेळ लागला तरी मध्ये बोलू नकोस. हे जमले तर दुसऱ्या एखाद्या दिवशी त्यांना विचार, की तुमचे नाव संघातून पहिल्यांदा कधी वगळले गेले, त्या रात्री तुम्ही काय केलेत, आणि खेळ संपला त्या वर्षी तुम्हाला काय वाटले. प्रसिद्ध माणसाच्या घरात जिंकलेले सगळे कपाटात मांडलेले असते. हरलेल्या सामन्यांची, दुखऱ्या गुडघ्याची, बाकावर बसून काढलेल्या हंगामाची तिथे काहीच खूण नसते. सतरा वर्षे तू ज्या माणसाशी स्वतःची तुलना करत आला आहेस, तो त्या कपाटातला माणूस आहे. तुझ्या वयाचे, ट्रायलच्या आदल्या रात्री पोटात गोळा आलेले बाबा तुला अजून भेटलेले नाहीत.

हे सदर घरातली मोठी माणसेही वाचतात, म्हणून दोन शब्द अशा वडिलांसाठी. तुम्ही मुलावर दडपण येऊ नये म्हणून गप्प राहत असाल, तर तुमचा हेतू चांगला आहे, पण मुलाला तो ऐकू येत नाही. तुमच्यासारख्या जाणकाराचे मौन मुलाला नापसंतीच वाटते, कारण बाकी सगळे गाव बोलत असते. सामन्यानंतर खेळाचे परीक्षण करण्याची गरज नाही. ‘मी आज पाहिले, मला तू खेळताना बघायला आवडते’ एवढे वाक्य पुरे आहे, आणि खेळ सोडलास तरी माझे तुझे नाते तेच राहील, हे एकदा तरी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. ते त्याला आपोआप समजेल असे कृपया गृहीत धरू नका.

मग खेळ सोडावा का? भिंतीवर बॉल मारताना बरे वाटते असे तू लिहिलेस. तिथे ना प्रेक्षक असतात, ना निवड समिती, ना बाबा. जे तुला नकोसे झाले आहे ते कदाचित बास्केटबॉल नसून त्याच्याभोवती जमलेली गर्दी असेल. पण याची खात्री तू स्वतःच करून घ्यायची आहेस. जिल्हा संघाबरोबरचे यंदाचे सामने पूर्ण कर, कारण मधेच सोडलेस तर त्या मुलाच्या वाक्यामुळे सोडलेस असे सगळे म्हणतील, आणि वाईट म्हणजे तुलाही पुढे तसेच वाटत राहील. हंगाम संपल्यावर बोर्डाची परीक्षा आणि सीईटी येईल. तेवढे महिने खेळ आपोआप बाजूला पडेल. त्या काळात बॉलची आठवण येते की सुटल्यासारखे वाटते, याकडे लक्ष ठेव. व्यावसायिक अभ्यासक्रमांना क्रीडा कोट्यातून प्रवेश मिळू शकतो, त्यासाठी कोणत्या पातळीवरची प्रमाणपत्रे चालतात याची चौकशी फिजिकल डायरेक्टर सरांकडे आताच करून ठेव; परंतु केवळ जागेसाठी, मन उडालेला खेळ चार वर्षे ओढत नेऊ नकोस. आणि खेळणे म्हणजे स्पर्धेतच उतरणे, असेही नाही. संध्याकाळी तासभर मित्रांबरोबर खेळणारी, कोणत्याही यादीत नाव नसलेली माणसेही बास्केटबॉलच खेळत असतात.

सोडायचे ठरलेच, तर ते सर्वांत आधी बाबांना सांग, प्रशिक्षकांना नंतर. बेळगावात अशी बातमी घरी पोहोचायला वेळ लागत नाही आणि ती दुसऱ्याच्या तोंडून कळली तर त्यांना निर्णयापेक्षा तेच अधिक लागेल. फोनवर सांगू नकोस, ते घरी येण्याची वाट पाहा. ‘तुमच्यामुळे’ हा शब्द बोलण्यात येऊ देऊ नकोस. ‘मी स्पर्धेत खेळणे थांबवतो आहे, मला काय वाटते ते तुम्ही ऐकून घ्यावे अशी इच्छा आहे’ अशी सुरुवात पुरेशी आहे. त्यांना वाईट वाटेल. तसे वाटू देणे हेही तुला शिकावे लागेल, कारण वडिलांना वाईट वाटले म्हणजे तुझा निर्णय चुकला असे होत नाही.

आता राहिली तुझी बहीण, जिच्याविषयीच्या एका वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ थांबले. तिला कोणी काही विचारत नाही म्हणून ती मजेत आहे, असे तू लिहितोस. ती मजेत असेलही. पण तुझ्यापेक्षा बरी खेळणाऱ्या मुलीला कोणी ‘बाबांचा वारसा’ म्हणत नाही, यामागे तिच्यावरचे प्रेम नाही, तिच्याकडून कोणी काही अपेक्षाच केलेली नाही. तुझ्या अंगावर अपेक्षा नको तेवढी आली आणि तिच्या वाट्याला मुळीच आली नाही. वाराणसीच्या एका घरातल्या सिंह भगिनी बास्केटबॉलमध्ये भारताकडून खेळल्या. त्यांतल्या प्रशांती सिंह यांना २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. केरळच्या गीतू अ‍ॅना जोस यांना त्याआधी, २०१४ मध्ये, अर्जुन पुरस्कार मिळाला होता. आठवीतल्या मुलीपर्यंत ही नावे कोणीतरी पोहोचवावी लागतात. आठवी हे वय असे आहे, की शाळेत मुलींचा संघ नसला किंवा सरावाहून परतायला अंधार पडत असला, की मुलीचा खेळ गाजावाजा न होता बंद होतो आणि घरात कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

तिच्या शाळेत मुलींचा संघ आहे का, तालुका पातळीवरच्या स्पर्धेला तो उतरतो का आणि सरावानंतर तिला घरी कोण आणते, हे तू या आठवड्यात विचारून घे. यांपैकी कशाचेही उत्तर ‘नाही’ असे आले, तर रविवारी बाबांशी बोलताना पहिला विषय तोच काढ. तो तुझ्या स्वतःच्या विषयापेक्षा सोपा आहे आणि त्यावर तुम्ही दोघे एकाच बाजूला असाल.